विरारचा फलंदाज आणि निवडीचा वाद

क्रिकेटच्या संघात कोणास घ्यावे आणि कोणास वगळावे हा प्रश्न निघाला, की एरवी मितभाषी असलेला मुंबईकरही वक्ता होतो. चर्चगेटपासून विरारपर्यंतचे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आगगाडीने कापताना या एका विषयावर जेवढा वादविवाद झाला असेल, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. त्यातही नवख्या खेळाडूची निवड हा वादाचा खास प्रांत. अनुभवी खेळाडूच्या धावा वहीत लिहिलेल्या असतात. नवख्याच्या बाबतीत वहीची पाने कोरीच असतात, आणि कोऱ्या पानावर ज्याने त्याने आपल्या मनासारखे लिहावे.

हा वाद जुना आहे. सुनील गावसकर १९६८-६९ च्या हंगामात मुंबईकडून म्हैसूरविरुद्ध रणजी सामन्यात प्रथम उतरले आणि शून्यावर बाद झाले, तेव्हा त्यांचे मामा माधव मंत्री हे निवड समितीत असल्यामुळेच भाच्याची वर्णी लागली, अशी कुजबुज प्रेक्षकांत झाली. पुढे १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा झाल्यावर ती कुजबुज आपोआप विरली. गुंडाप्पा विश्वनाथ यांनी १९६९ साली कानपूर येथे आपल्या पहिल्या कसोटीत पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात १३७ धावा केल्या. पहिला डाव संपल्यावर त्यांच्या निवडीविषयी जे बोलले गेले असेल, ते दुसरा डाव संपल्यावर कोणी आठवणीत ठेवले असेल असे वाटत नाही.

तथापि त्या काळी निवड बंद दाराआड होई, आणि तिला किंमतीचे चिठ्ठे लावलेले नसत. इंडियन प्रीमियर लीग २००८ साली सुरू झाली आणि ही रीत पालटली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्वालालंपूर येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांचा लिलाव न करता, संघांनी पाळीपाळीने त्यांची निवड करावी असे ठरले. दिल्लीच्या संघासमोर घरचाच मुलगा, विजयी संघाचा कर्णधार विराट कोहली, उभा होता. पण सेहवाग, गंभीर, दिलशान आणि डिव्हिलियर्स असे फलंदाज हाताशी असताना आणखी फलंदाज कशाला, या विचाराने दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा जलदगती गोलंदाज पसंत केला, आणि कोहली बंगळूरकडे गेला. हा निर्णय चुकला असे आज शाळकरी पोरही सांगेल. वस्तुतः त्या दिवशी, त्या संघाची गरज पाहता, तो अविचारी नव्हता. चूक होती ती आजची गरज आणि दहा वर्षांचे भवितव्य एकाच तराजूत तोलण्याची.

दहा वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, बंगळूरच्या लिलावात दिल्लीपुढे पुन्हा तोच पेच आला, आणि या वेळी तो आपल्या विरारचा झाला. पृथ्वी शॉ याचे बालपण विरारचे. आई अगदी लहानपणी गेलेली. वडील भल्या पहाटेच्या लोकलने मुलाला सरावासाठी वांद्र्यापर्यंत घेऊन जात. पाठीवर खेळाचे ओझे आणि विरार लोकलची गर्दी, या दोहोंचा अनुभव ज्याला आहे त्याला या तपश्चर्येचे मोल निराळे सांगावयास नको. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात, आझाद मैदानावर, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. (त्या वेळी विरार ठाणे जिल्ह्यातच होते, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला, तेव्हा त्या विक्रमाचे श्रेय कोणत्या जिल्ह्याने घ्यावे हा वाद हौशी मंडळींसाठी खुला आहे.) जानेवारी २०१७ मध्ये राजकोट येथे तामिळनाडूविरुद्ध रणजीच्या उपांत्य सामन्यात पदार्पण करताना त्याने दुसऱ्या डावात १२० धावा काढल्या, आणि त्याच वर्षी दुलीप करंडकाच्या पहिल्या सामन्यातही शतक ठोकले.

लिलावाच्या दिवशी तो न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील संघाचे नेतृत्व करीत होता. दिल्लीने त्याला १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. त्याच संघातील शुभमन गिल १ कोटी ८० लाखांना, शिवम मावी ३ कोटींना आणि कमलेश नागरकोटी ३ कोटी २० लाखांना कोलकात्याकडे गेले. आठवड्याभरात, ३ फेब्रुवारीला, या मुलांनी ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधाराहून त्याच्या सहकाऱ्यांना अधिक मोल कसे, हा प्रश्न वसई-विरारकरांच्या मनात येणे स्वाभाविकच होते. आणि दिल्लीने स्वस्तात रत्न पटकावले की गिलसाठी पैसे राखून ठेवावयास हवे होते, हा त्याच्या पाठोपाठचा.

आरंभीची काही वर्षे पहिल्या पक्षाची होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटलाच वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या कसोटीत १३४ धावा, तेही शतक अवघ्या ९९ चेंडूंत. एप्रिल २०२१ मध्ये तर त्याने कोलकात्याविरुद्ध मावीच्या पहिल्याच षटकात सहा चौकार मारले: १ कोटी २० लाखांच्या फलंदाजाने ३ कोटींच्या गोलंदाजाला दिलेले ते उत्तर, असे कोणी म्हटले तर त्यास दोष देता येणार नाही. नागरकोटी बिचारा दुखापतींनी दोन हंगाम मैदानाबाहेरच राहिला.

परंतु याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता. २०१९ साली खोकल्याच्या औषधातील निषिद्ध द्रव्यापायी पृथ्वीवर आठ महिन्यांची बंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला तो ० आणि ४ धावांवर बाद झाला. पुढच्याच मेलबर्न कसोटीत सलामीला त्याच्या जागी गिल उतरला. पृथ्वीच्या कसोटी सामन्यांची संख्या तिथे पाचावर थांबली, आणि गिल मे २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला. इतके ऐकून दुसरा पक्ष विजयाची तुतारी फुंकील. त्याने जरा थांबावे. ज्या कोलकात्याने गिलला निवडले, त्यानेच २०२२ च्या हंगामापूर्वी त्याला सोडून दिले, आणि त्याच्या बॅटीचे फळ गुजरातला मिळाले. उलट दिल्लीने त्याच वेळी पृथ्वीला साडेसात कोटींना राखून ठेवले होते. शिवाय २०१८ च्या त्याच लिलावात दिल्लीने अभिषेक शर्मा नावाचा आणखी एक मुलगा ५५ लाखांना घेतला होता. वर्ष संपण्यापूर्वीच शिखर धवनच्या बदल्यात दिलेल्या तिघांत तो हैदराबादला गेला, आणि पुढे भारताचा धडाकेबाज सलामीवीर झाला. म्हणजे दिल्लीची निवड डोळस होती, धीर मात्र ज्याच्या बाबतीत धरावयास हवा होता त्याच्या बाबतीत धरला गेला नाही. माझ्या मते या साऱ्या वादातील खरी हानी तीच, आणि तिच्याविषयी फारसे कोणी भांडत नाही.

पृथ्वीच्या कर्तृत्वाला ओहोटी लागली असे म्हणावे, तर जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध त्याने ३७९ धावा केल्या. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची १९४८ सालची, पुण्यातील नाबाद ४४३. आणि तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले, नोव्हेंबरच्या लिलावात ७५ लाख या मूळ किमतीलाही कोणी बोली लावली नाही. २०२५ साली तो महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि चंडीगढविरुद्ध त्याने द्विशतक काढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अबू धाबीच्या लिलावात आधी त्याचे नाव बोलीविना गेले. अखेरच्या फेरीत मात्र एका संघाने हात वर केला आणि ७५ लाखांना त्याला घेतले. तो संघ दिल्लीचा होता.