धुऱ्यावरचें श्वापद



अमेरिकेंतील कित्येक शहरांत एक वाद वर्षानुवर्षें चालत आलेला आहे. घरांमागील बागांत हरणें शिरतात, फुलझाडें खाऊन टाकतात, रात्रीं मोटारींसमोर येतात, आणि त्यांच्या अंगावर पोसणाऱ्या गोचिडांमुळें लाइम नांवाचा रोग पसरण्याचें भय लोकांस वाटतें. तेव्हां वस्तीमध्यें धनुष्यबाणानें त्यांची शिकार करूं द्यावी कीं नाहीं, असा तो वाद आहे. नागपुरांत घरीं बसून ऐकणारास त्यांत थोडी मौज वाटेल. परंतु शहराबाहेर पांच कोस गेलें कीं तोच वाद शेताच्या धुऱ्यावर उभा दिसतो. तेथें फुलझाडांच्या जागीं तूर, हरभरा आणि संत्र्याचीं कोवळीं कलमें आहेत, हरणाच्या जोडीला रानडुक्कर व रोही आहे, आणि नुकसान होतें तें हौसेच्या बागेचें नसून वर्षाच्या पोटाचें असतें. आज मी या वादाचा इतिहास सांगणार आहें. मारावें कीं न मारावें, हा प्रश्न आपण फार लवकर विचारतों. कोणीं मारावें आणि तें कोणीं ठरवावें, हा त्याच्या आधींचा प्रश्न मागेंच राहतो.

आपल्या अजबबंगल्याशीं, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाशीं, ज्या एका शिळेचें नांव जोडलेलें आहे ती देवटेकची शिळा येथें आठवावी. देवटेक हें चंद्रपूर जिल्ह्यांतील लहानसें गांव. या शिळेवर दोन लेख आहेत. एक वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळचा. दुसरा त्याहून कित्येक शतकें जुना, ब्राह्मी लिपींतला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचा अभ्यास करून तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा असें मत दिलें. प्राण्यांस धरूं नये, मारूं नये, अशा आशयाची ती आज्ञा आहे. म्हणजे आपल्या या भागांतील अगदीं प्राचीन अशा कोरीव लेखांपैकीं एकाचा विषय शिकारबंदी हा आहे! खुद्द अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे, आणि निष्कारण अथवा जीवहत्येसाठीं रानें जाळूं नयेत असेंही त्यांत बजावलेलें आहे.

कौटिल्याची दृष्टि थोडी निराळी. अभयवनांतील मृग मारणारास त्यानें दंड सांगितला आहे. पण जीं श्वापदें दुष्ट झालीं असतील त्यांना रक्षित जागेच्या बाहेर धरावें वा मारावें, अशी सवडही त्यानें ठेविली आहे. रानाच्या आंत अभय आणि रानाच्या बाहेर बंदोबस्त, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आजचे आपले कायदे फिरून फिरून तिच्याच आसपास येतात.

राजाज्ञा कांहीं असो; प्रत्यक्षांत शिवारांत येणाऱ्या जनावराशीं ज्यांची गांठ पडे ते लोक म्हणजे कुणबी, गोंड, कोरकू आणि विशेषेंकरून फासेपारधी. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत पारध्यांच्या विद्येचें वर्णन आहे. विद्या हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला. फांसांची एक लांबच लांब ओळ जमिनींत खुंट्या ठोकून बसवावयाची, आणि कळप बिथरूं न देतां हळूहळू त्या ओळीकडे वळवीत न्यावयाचा. किंवा शिकविलेला बैल पुढें घालून त्याच्या आडून सावजाच्या जवळ पोंचावयाचें. जनावराची वाट, पाणी, वाऱ्याची दिशा, पिलें होण्याचा हंगाम, हें सारें ठाऊक असल्यावांचून हें साधत नाहीं. कांहीं पारधी चित्ते बाळगून त्यांच्याकडून काळवीट धरवीत. या कामांत बार नाहीं, आरडाओरड नाहीं. पारध्याचें व गांवाचें फार सख्य होतें असें नव्हे. संशय नेहमींच असे. परंतु कोणत्या नाल्यानें डुकरांचा कळप वर चढतो हें तो पाटलाहून अधिक जाणे.

इंग्रजी अमदानींत ही घडी मोडली. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि पुढें तो ज्यांच्या माथीं बसला त्यांत ठिकठिकाणचे पारधीही होते. १८७८ या एकाच वर्षीं दोन कायदे आले: एक जंगलाचा, दुसरा हत्यारांचा. पहिल्यानें रान सरकारचें झालें. दुसऱ्यानें बंदूक परवान्याखालीं गेली. त्याच सुमारास साहेबलोकांच्या शिकारीचा बहर आला. फोर्सिथचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरील ग्रंथ १८७१ चा, स्टर्नडेलचा शिवनीवरील १८७७ चा. हे ग्रंथ मीं मोठ्या गोडीनें वाचले आहेत, व वाचनीय पुस्तकास निष्कारण नांवें ठेवणाऱ्यांपैकीं मी नाहीं. पण त्यांत शेतकरी दिसतो तो बहुधा हांकारे देण्यापुरता.

शिकारीबरोबर बक्षिसेंही आलीं. वाघ, बिबट्या, लांडगा, रानकुत्रा यांना मारणारास सरकारांतून पैसे मिळत. डनबार ब्रँडर या मध्यप्रांतांतील जंगल अधिकाऱ्यानें १९२३ सालीं येथल्या वन्य पशूंवर मोठा निरीक्षणपूर्ण ग्रंथ लिहिला. पण रानकुत्र्याविषयीं त्या काळच्या शिकाऱ्यांच्या मनांत कमालीचा द्वेष होता. शिकाऱ्याला हवें असलेलें हरीण तो खातो, हाच त्याचा अपराध! डुक्कर व हरीण यांची संख्या आटोक्यांत ठेवणारे जे चार पहारेकरी निसर्गानें नेमलेले होते, त्यांच्याच डोक्यावर अशा रीतीनें इनाम लागलें.

१९१२ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यांत एक उदार कलम होतें: आपल्या मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठीं कोणीं जनावर मारल्यास त्यास हा कायदा लागू नाहीं. कलम उत्तम, पण मारावयाचें कशानें? बंदुकीचा परवाना मिळावयाचा तो मालगुजाराला. कुळाच्या हातीं उरली गोफण, पत्र्याचा डबा आणि जागल.

शहरांतील श्रोत्यांस जागल म्हणजे काय हें कदाचित् सांगावें लागेल. पीक भरण्यास आलें कीं वावरांत माळा बांधून रात्रभर जागावयाचें, शेकोटी पेटती ठेवावयाची, डबे वाजवावयाचे. मी तालुक्याच्या गांवीं शिकवीत असतां पौष-माघांत सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकांवर चारदोन मुलें झोंपलेलीं असत. बापाबरोबर जागलीला जाणारीं तीं मुलें, हें सर्व शिक्षकांस ठाऊक असे, आणि त्यांना कोणी उठवीत नसे. परीक्षेंत मात्र तीं मागें पडत. शिकारीचीं चित्रें मीं इतिहासाच्या पुष्कळ पुस्तकांत पाहिलीं आहेत. जागलीचें चित्र एकाही पुस्तकांत पाहिलेलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आल्या, बंदुका वाढल्या, आणि माळरानांवरील काळविटांचे कळप रात्रीं दिव्यांच्या झोतांत उडविले गेले. कोरियाच्या महाराजांनीं १९४७ सालीं मारलेले तीन चित्ते हे या देशांतील अखेरचे म्हणून गणले जातात. तें संस्थान पुढच्याच वर्षीं आपल्या मध्यप्रांतांत विलीन झालें. नंतर प्रतिक्रिया झाली, आणि ती आवश्यकही होती. १९५५ सालीं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेची शिकार सर्वस्वीं बंद पडली. तो कायदा नसता तर आज नागपूरच्या मुलांना चितळ केवळ चित्रांत दाखवावें लागलें असतें. परंतु ज्याच्या वावरांत नुकसान होतें त्याचें मत बंदुकीच्या राज्यांत कोणीं विचारलें नव्हतें, तें बंदीच्या राज्यांतही विचारलें गेलें नाहीं.

आतां रानडुकराची गोष्ट घ्या. तूर जानेवारीपर्यंत उभी असते. तिच्यांत दिवसासुद्धां डुकराचा कळप दडून राहूं शकतो. त्याला रानांत परत जाण्याची गरजच उरत नाहीं. वाघ राखीव रानांत, लांडगा जवळजवळ नाहींसा, आणि डुकरीण एका वितीं चार-सहा पिलें सहज देते. चितळाच्या मादीला बहुधा एकच पाडस होतें; रोहीला पुष्कळदां दोन. हा हिशेब ध्यानांत ठेवावा, कारण सर्व श्वापदांना एकच न्याय लावण्याची खोड शिकारीच्या पुरस्कर्त्यांना आहे तशी विरोधकांनाही आहे. रोहीला उत्तरेकडे नीलगाय म्हणतात, आणि त्या नांवांतील गाईमुळें तेथील शेतकरी तिच्यावर हात उचलण्यास कचरतो. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे नांवांत गाय नाहीं, आणि मुळांत तो प्राणी गाय नव्हेच. 

१९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमांत, माणसास अथवा उभ्या पिकास घातक झालेलें जनावर मारण्याची परवानगी अधिकाऱ्यानें द्यावी अशी सोय आहे. तिच्या आधारें महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं रानडुक्कर व रोही यांच्यासाठीं नियम केले. पुढील वर्षीं या प्रश्नावरून केंद्रांतील एकाच मंत्रिमंडळाचे दोन मंत्री, श्रीमती मनेका गांधी व श्री. प्रकाश जावडेकर, उघडपणें भांडले. चंद्रपूरकडे त्रेपन्न रानडुकरें मारलीं गेलीं, हा आंकडा मनेकाबाईंनीं त्याच वेळीं सांगितला. जावडेकरांचें उत्तर असें कीं, परवानगी राज्यें मागतात, म्हणून ती दिली जाते. त्याच जून महिन्यांत बिहारांतील मोकामा येथें बाहेरून आणलेल्या बंदुकबाजांनीं कांहीं दिवसांत सुमारें अडीचशें नीलगाई पाडल्या. म्हणजे साहेब गेला, तरी शिकारी बाहेरूनच येतो, मारून जातो, आणि पुढच्या हंगामांत किती डुकरें उरलीं याच्याशीं त्याचा संबंध राहत नाहीं.

परवानगी वेळेवर न मिळालेला शेतकरी काय करतो? तो कुंपणाच्या तारेंत वीज सोडतो. हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाहीं. २०१७ च्या एप्रिलांत नागभीडच्या बाजूस श्रीनिवास नांवाचा तरणा वाघ अशाच तारेनें मेला. देवटेकची शिळा ज्या जिल्ह्यांतली, त्याच जिल्ह्यांतील ही गोष्ट.

आतां अमेरिकेंतील त्या बाणाकडे वळूं. १९०० च्या सुमारास तेथें पांढऱ्या शेपटीचीं हरणें पांचएक लाख उरलीं होतीं. रक्षणाचे कायदे झाले, लांडगे आधींच मारले गेले होते, आणि आज तीं तीन कोटींच्या घरांत आहेत. घराजवळ बंदूक चालविण्यास मनाई, म्हणून धनुष्य. मिनेसोटा राज्यांतील डुलुथ शहरानें २००५ सालीं अशी शिकार सुरू केली. अशा ठिकाणीं तिरंदाजाची परीक्षा घेतात, त्याला जागा नेमून देतात, झाडावरील माचणावरून खालीं बाण सोडावयास लावतात, आणि पुष्कळ ठिकाणीं आधीं मादी मारल्यावांचून शिंगांचा नर मारूं देत नाहींत, कारण संख्या कमी करावयाची आहे, भिंतीवर शिंगें टांगावयाचीं नाहींत. तरी बाण लागलेलें हरीण धांवत जाऊन शेजाऱ्याच्या दारांत पडतें, आणि वाद पुन्हां पेटतो.

आपल्याकडे वस्तींत बाण सुटूं नये, हें मी निःशंक सांगतों. पहांटे वावराकडे जाणारीं माणसें, गुराखी, सरपण वेंचणाऱ्या बाया यांनीं आपलीं शिवारें कधींच रिकामीं नसतात. गोरेवाड्याच्या रानांतून एखादें चितळ वस्तींत आलें तर त्याला सुखरूप परत नेणें हें वनखात्याचें काम आहे, तेथें हौशी माणसांनीं पुढें होऊं नये. चितळ व काळवीट यांना मारण्याच्या यादींतून कायमचें वगळावें. रानडुकराचें मात्र तसें नाहीं. राखीव रानाबाहेर, पिकांत आलेलें डुकर मारूं देणें न्याय्य आहे. परंतु ठराव गांवानें करावा, मारणारा तालुक्यांतला असावा, काम दिवसा उजेडीं व्हावें, आणि किती मारलीं याची यादी ग्रामसभेंत वाचली जावी. केरळानें २०२२ सालीं हा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खालीं आणला. त्यांत दुरुपयोगाचें भय आहे, हें खरें; पण गांवांत कोणीं काय मारलें हें गांवाला ठाऊक असतें, आणि विजेच्या चोरट्या तारेपेक्षां तें भय लहान आहे. ज्या पारध्यांची विद्या दोन राजवटींत दोनदां गुन्हा ठरली, त्यांच्या मुलांना जाळ्यानें डुकरें जिवंत धरण्याच्या आणि कळप मोजण्याच्या कामीं वनखात्यानें पगारावर घ्यावें, असेंही मला वाटतें.

राहिलें कुंपण. सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाहीं, व त्यासाठीं रानाकांठच्या गांवांना सरकारी साहाय्यही मिळतें. तें एकाच वावराला घातलें तर डुकरें रात्रींतून शेजाऱ्याच्या वावरांत जातात, आणि तो शेजारी बहुधा दोन एकरांचा धनी असतो. तेव्हां कुंपण सबंध शिवाराला एकदम घालावें लागेल, आणि पावसाळ्यांत त्याच्यावर चढणाऱ्या वेली कोणीं कापावयाच्या, याची पाळी गांवानें आधींच लावून ठेवावी लागेल.