तोकड्या गुणसूत्राची गोष्ट

श्रोतेहो, रक्ताचा कर्करोग म्हटला की घरातल्या साऱ्यांचे हातपाय गळतात. पण या रोगाचा एक प्रकार असा आहे की, त्याचे मूळ माणसाने शोधून काढले आणि नेमका त्या मुळावरच घाव घातला. डॉक्टर त्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात. हा रोग सुरुवातीला सावकाश वाढतो. त्याचीच हकीकत आज ऐकू या.

१८४५ साली एडिंबरोचे बेनेट आणि बर्लिनचे फिर्खो यांनी स्वतंत्रपणे अशा रोग्यांचे वर्णन केले. रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या! त्या का वाढतात, हे कोडे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ सुटले नाही.

शिक्षकबंधूंना ठाऊकच आहे की, माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. ही संख्या पक्की झाली ती १९५६ साली. पुढे चारच वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नोवेल आणि हंगरफर्ड यांना या रोग्यांच्या रोगट पेशींत एक गुणसूत्र तोकडे दिसले. मग त्याचा तुटलेला तुकडा गेला कुठे? १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ते दाखवून दिले. २२ व्या गुणसूत्राचा तुकडा ९ व्याला जोडला गेला होता आणि ९ व्याचा २२ व्याला. या चुकीच्या सांध्यातून एक नवेच जनुक तयार होते आणि ते पेशीला 'वाढ, वाढ' असा सारखा हुकूम देत राहते. पाटाचे दार उघडेच अडकून बसले, तर शेत चिबडणारच की!

पूर्वीची औषधे तणाबरोबर पीकही जाळीत. मग संशोधकांनी विचार केला, नुसते ते दारच बंद केले तर? त्यातून इमॅटिनिब नावाची गोळी निघाली. १९९८ मध्ये ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रोग्यांना देऊन पाहण्यास आरंभ केला. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

पण गोळी निघाली म्हणजे ती गरिबाच्या हाती पडलीच, असे थोडेच आहे? मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाखाच्या वर रुपये पडत. भारतीय कारखान्यांच्या गोळ्या त्याच्या कितीतरी कमी दरात मिळत. प्रकरण न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली.

आता दोन गोष्टी मनाशी पक्क्या धरा. पहिली, हा बिघाड आईबापांकडून येत नाही. तो जन्मानंतर हाडातील मगजाच्या एखाद्या पेशीत घडतो. हा रोग संसर्गानेही पसरत नाही. तेव्हा एखाद्या घरात हा रोगी आहे म्हणून तेथील मुलामुलींची लग्ने अडवू नका, रोग्याचे ताट वेगळे मांडू नका. दुसरी, ही गोळी रक्ताच्या सगळ्याच कर्करोगांवर चालत नाही. आणि जिथे चालते तिथे ती बहुधा वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागते. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद केली, तर रोग पुन्हा डोके वर काढतो. गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच रक्त तपासून ठरवायचे.

१९६० साली दिसलेल्या त्या तोकड्या गुणसूत्रावर औषध मिळायला चाळीस वर्षे लागली. ते मिळाल्यावर आपल्या अज्ञानापायी कुणाचा जीव जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.