अत्यावश्यक पायाभूत सुविधा संरक्षण : पदवी स्तरावरील प्रमाणपत्र अभ्यासक्रम

वीज, पाणी, इंधन, दूरसंचार, वाहतूक, बँकव्यवहार, आरोग्यसेवा यांसारख्या यंत्रणांचे अपघात, नैसर्गिक आपत्ती, घातपात व सायबर हल्ले यांपासून रक्षण कसे करावे, हे शिकवणारा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम. अमेरिकेत तो प्रामुख्याने गृहसुरक्षा, आपत्ती व्यवस्थापन व सायबर सुरक्षा या विषयांबरोबर शिकवला जातो. तो सहसा 12 ते 18 श्रेयांकांचा असतो. अनेक ठिकाणी त्याचे श्रेयांक पुढे पदवीसाठी धरले जातात.

पार्श्वभूमी : राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या मे 1998 मधील निर्देशाने हा विषय अमेरिकेच्या राष्ट्रीय धोरणात आला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर त्याला वेग आला. 2013 मधील निर्देशाने अशा सुविधांची 16 क्षेत्रे ठरली. सायबर व पायाभूत सुविधा सुरक्षेसाठी स्वतंत्र संघीय संस्था 2018 मध्ये स्थापन झाली.

अभ्यासविषय : धोका, यंत्रणेतील कच्चे दुवे आणि संभाव्य परिणाम या तिन्हींचा मेळ घालून जोखीम ठरवणे हा अभ्यासाचा पाया होय. त्यासोबत औद्योगिक नियंत्रण प्रणाली, प्रत्यक्ष जागेची सुरक्षा, कायदे व आपत्तीनंतरची पुनर्स्थापना हे विषय येतात. अमेरिकेत बहुतांश सुविधा खाजगी मालकीच्या असल्याने शासन व कंपन्या यांच्यातील माहितीची देवाणघेवाणही अभ्यासावी लागते.

परस्परावलंबन हा यांतील सर्वांत महत्त्वाचा धडा. 14 ऑगस्ट 2003 रोजी ओहायो राज्यात उच्चदाब वाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकून बंद पडल्या. नियंत्रण कक्षातील इशारा देणारी संगणक प्रणालीही त्याच वेळी निकामी झाली होती. बिघाड पसरत गेला आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. क्लीव्हलँडमध्ये पंप थांबल्याने पाणीपुरवठाही खंडित झाला. मे 2021 मध्ये कलोनियल पाइपलाइन कंपनीच्या संगणकांवर खंडणीसाठी हल्ला झाला. कंपनीने खबरदारी म्हणून इंधनवाहिनी बंद ठेवली आणि पूर्व किनाऱ्यावरील राज्यांत पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या.

भारतातील स्थिती : माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 70 नुसार अशा सुविधांच्या संगणक प्रणाली ‘संरक्षित’ घोषित करता येतात. 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 70-अ नुसार जानेवारी 2014 मध्ये त्यांच्या रक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र अधिसूचित झाले. 12 ऑक्टोबर 2020 रोजी पारेषण वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील वीज गेली आणि लोकलगाड्या जागीच थांबल्या. परस्परावलंबनाचे हे घरचेच उदाहरण होय.

मूल्यमापन : अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राने कोणी अभियंता होत नाही. मात्र वीज केंद्र, जलशुद्धीकरण केंद्र, रेल्वे किंवा रुग्णालयात काम करणाऱ्याला आपल्या यंत्रणेपलीकडची साखळी पाहता येते. पदवीच्या पहिल्या टप्प्यातच हा विषय शिकवण्याचे खरे महत्त्व यात आहे.