डाव आणि दावा

डिसेंबर संपत आला तेव्हा आमच्या नातवाने वहीच्या पानावर एक यादी केली. मथळा होता, ‘या वर्षी मला आवडलेले व्हिडिओ गेम’. यादीत दहा नावं. त्यातली आठ मला उच्चारता येईनात, आणि उरलेल्या दोहोंत माणसं एकमेकांना गोळ्या घालत होती. “आजोबा, आता तुमची यादी,” म्हणून त्याने वही माझ्यापुढे सरकवली. बहात्तराव्या वर्षी माणूस यादी करतो ती औषधांची. पण मी मागे हटलो नाही. गेल्या वर्षभरात मी मोबाइलवर जितका वेळ खेळलो तितका वेळ नोकरीत असताना टेबलाशी बसलो नसेन, असं आमच्या हिचं मत आहे; आणि या कोर्टाच्या निकालावर अपील नसतं.

तर यादी. तिसऱ्या नंबरावर बुद्धिबळ. ते मी यंत्राशी खेळतो. यंत्राला सर्वांत खालच्या पायरीवर बसवलं तरी तेच जिंकतं, आणि जिंकल्यावर हसतसुद्धा नाही. अशा प्रतिस्पर्ध्याबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

दुसरा नंबर टेट्रिसचा. वरून विटा पडतात, त्या फिरवून खाली नीट रचायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. आंब्याच्या पेट्या टेंपोत रचणाऱ्या आमच्या गड्याला हा खेळ शिकवावा लागला नाही. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव या गृहस्थांनी तो कचेरीतल्या यंत्रावर तयार केला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नसत, म्हणून विटांच्या जागी त्यांनी चौकोनी कंस मांडले. सरकारी वेळेत, सरकारी यंत्रावर, सरकारी विजेने खेळ करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. खेळ जगभर गेला, पण पैसे सरकारकडे. या बिचाऱ्याला स्वतःचा हिस्सा मिळू लागला तो १९९६ साली. बारा वर्षं! आमच्याकडे वाटणीला लागतात त्या मानाने थोडी, पण रशियनांना सवय नसावी. या खेळाला शेवट नाही अशी समजूत होती. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या पोराने त्याची जुनी आवृत्ती इतकी पुढे नेली की यंत्रच गोठलं. म्हणजे टेट्रिस संपतो. काही गोष्टी संपत नाहीत, त्यांच्याकडे आता वळतो.

पहिला नंबर लुडो किंग. हसू नका. नातूही हसला होता.

हा खेळ अमेरिकेतून किंवा जपानातून आलेला नाही. आमच्या मुंबईला जाणाऱ्या गाड्या पनवेल ओलांडून ज्या नव्या मुंबईत शिरतात, तिथल्या ‘गेमेशन’ नावाच्या कंपनीने, विकाश जयस्वाल यांच्या कंपनीने, तो २०१६ साली बाजारात आणला. चार वर्षं तो बेताबेताने चालला असता तरी चाललं असतं. पण २०२० च्या मार्चात सगळा देश घरात कोंडला गेला, आणि घरोघरी लुडो सुरू झाला. त्याच महिन्यात दूरदर्शनने ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला घेतलं. पडद्यावर धर्मराज राज्य हरतोय आणि इकडे आमची सूनबाई चौथ्या सोंगटीसाठी सहाची वाट बघतेय, असा तो काळ होता.

कोंडून घालण्याचा अनुभव मात्र रत्नागिरीला जुना. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ साली तो इथेच वारला. सावरकरांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं होतं. रत्नागिरीत ठेवला की माणूस स्वस्थ बसतो असा साहेबाचा हिशेब असावा. (सावरकर बसले नाहीत, ती गोष्ट वेगळी.) गंमत बघा, ज्या साहेबाने एक राजा उचलून आमच्या गावात आणला, त्यानेच आमच्या माजघरातला एक खेळ उचलून लंडनला नेला. लुडोचं पेटंट इंग्लंडात निघालं १८९६ साली, म्हणजे थिबाला इथे येऊन दहा वर्षं झाल्यावर.

मूळ खेळ आपला सारीपाट, आणि त्याची धाकटी बहीण पचिशी. सोळा सोमवारच्या कहाणीत शंकर-पार्वती देवळात सारीपाट मांडून बसतात. डाव संपल्यावर पार्वती गुरवाला विचारते, कोण जिंकलं? गुरव शंकराचं नाव सांगतो, आणि ती त्याला कोडाचा शाप देते. क्रिकेटमध्ये पंचावर ओरडणारे लोक मला त्यामुळे फार सौम्य वाटतात. वेरूळच्या लेण्यांतही हे जोडपं द्यूत खेळत बसलेलं कोरलं आहे. अकबराने तर फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवरच पचिशीचा पट आखून घेतला.

आमच्या घरात पट होता कापडाचा, आजीचा, लाल-हिरव्या तुकड्यांनी शिवलेला. अधिक उणे चिन्हातला अधिक जसा, तशा चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीत तीन रांगा, रांगेत आठ घरं. म्हणजे एका पट्टीची चोवीस घरं, चारांची शहाण्णव. कवड्या टाकायच्या. सर्वांत मोठं दान पंचवीसचं, म्हणून ती पचिशी. साहेबाने काय केलं, कवड्या काढून सहा बाजूंचा फासा दिला, आणि रांगेत आठाऐवजी सहा घरं ठेवली. म्हणजे गडगा दोन घरं आत सरकवला. कोकणातल्या माणसाला हे चटकन कळतं.

पण त्याने केलेला मोठा बदल वेगळाच आहे. पचिशीत चौघे खेळतात ते दोन जोड्यांनी. तुमच्या समोर बसलेला तुमचा भिडू. शेजारचे दोघे शत्रू. त्याची सोंगटी वाटेत आली तर ती मारायची नसते, आणि तुमच्या सोंगट्या घरी पोचल्या तरी तो पोचल्याशिवाय डाव जिंकला असं होत नाही. लुडोत जो तो आपापला. जर्मनांनी याच खेळाची आपली आवृत्ती काढली, तिचं नाव ‘माणसा, चिडू नकोस’. पहिल्या महायुद्धात काढणाऱ्याने तिचे ३,००० संच लष्करी इस्पितळांना फुकट वाटले, तेव्हापासून ती घराघरांत गेली. नावावरूनच कळतं की भिडू काढून टाकल्यावर लोक किती चिडत असतील.

लुडो कौशल्याचा की नशिबाचा? पैसे लावून खेळायच्या एका लुडोवरून हा वाद २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला. कौशल्य असो वा नशीब, दोन्ही त्यात आले. माझ्यापुरतं सांगतो. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, आणि ओळीने दहा वेळा सहा न पडण्याची शक्यता शंभरात सोळा असते. म्हणजे सहा डावांत एकदा तरी माणसाने दहा दानं नुसतं बघत बसायचं. यंत्र लबाडी करतं असं आमची ही म्हणते. यंत्र लबाडी करत नाही. गणित करतं.

आता अण्णाबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. गडग्यापलीकडे राहतो. वाटणीत एक हापूसचं कलम असं आलं की बुंधा त्याच्याकडे आणि आंबे माझ्याकडे. त्यावरून दावा लागला, आणि अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. तारखेला आम्ही एकाच एस.टी.ने जातो. तो पुढच्या दाराजवळ बसतो, मी मागे. लहानपणी आजीच्या पटावर आम्ही समोरासमोर बसत असू.

मुलांचं मात्र आपसांत चालतं. गेल्या मे महिन्यात माझ्या नातवाने आणि अण्णाच्या नातीने लुडोची ‘रूम’ उघडली. तिला एक नंबर असतो. तो ज्याला सांगाल तो आत येतो. त्यांना चौघं हवी होती. मला लाल मिळाला. समोरच्या पिवळ्यात कोण आहे ते मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. पलीकडच्या ओटीवरचा खोकला मोबाइलमधून येण्याआधी गडग्यावरून ऐकू येत होता.

दोघेही मुकाट्याने खेळलो. माझ्या तीन सोंगट्या घरी गेल्या. चौथी जायला थोडी घरं उरली होती, आणि तिच्या मागे बरोबर चार घरांवर पिवळी. पिवळ्याला चार पडले. मी चष्मा काढून ठेवला. मारलेली सोंगटी पहिल्यापासून सुरू होते आणि ते बघायची माझी इच्छा नव्हती.

पिवळ्याने दुसरीच सोंगटी चार घरं पुढे नेली.

“अहो आजोबा, लाल मारायची होती ना!” नात ओरडली.

गडग्यापलीकडून आवाज आला, “समोरच्याची मारत नाहीत गो.”

नंतर बराच वेळ कुणाची पाळी आहे तेच मला कळेना. शेवटी नातवाने ढोसलं तेव्हा मी फासा टाकला. दोन पडले, माझी सोंगटी दोन घरं सरकली. मग मुलांची दानं झाली. मग अण्णाचं, आणि त्याची पिवळी माझ्यापुढे येऊन थांबली, बरोबर तीन घरांवर. मी पुन्हा फासा टाकला.

तीन पडले.

माझ्याकडे हलवायला ती एकच सोंगटी उरली होती, आणि दान पडलं की ती आपोआप चालते. मी काहीच केलं नाही, यंत्राने केलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा अण्णा माझ्याशी बोलला. काय बोलला ते इथे छापता येत नाही. पण त्यानंतर त्याने कूस बदलून विचारलं, “उद्या किती वाजता?”

पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे याहून अधिक लिहिता येत नाही. नातवाची वही मी परत दिली, पहिल्या ओळीत लुडो किंग लिहून. त्याने तीत दहापैकी चार गुण दिले.