पट्टी होती, पण वाचता कोणाला येत होती?

आज सुरुवात तुमच्या मनगटापासून करू. ईसीजीवालं स्मार्टवॉच असेल तर पद्धत माहीतच असेल. दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या बटणावर टेकवायचं, ३० सेकंद शांत बसायचं, की फोनवर एक नागमोडी रेघ उमटते. खाली लिहून येतं ‘सायनस ऱ्हिदम’, म्हणजे लय ठीक आहे. किंवा मग ‘एट्रियल फिब्रिलेशन’. हे दुसरं उत्तर घड्याळ अर्ध्या मिनिटात देतं. माणसाला ते शोधायला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

विसाव्या शतकाची सुरुवात. हॉलंडमधलं लायडन शहर. विलेम आइंथोव्हेन नावाचे प्राध्यापक एक यंत्र बनवतात. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये क्वार्ट्झची अतिशय बारीक, चांदीचा मुलामा दिलेली तार. हृदयातून येणारी इवलीशी वीज तारेतून गेली की तार हलते, आणि तिची सावली फोटोच्या काचेवर टिपली जाते. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो! चालवायला पाच माणसं. पेशंटने हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं.

गंमत बघा, तुमचं घड्याळ एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचा जो फरक मोजतं, तो आइंथोव्हेनचाच ‘लीड वन’. भांडी गेली, बटण आलं.

एवढं धूड हॉस्पिटलमध्ये नेणार कोण? म्हणून १९०५ मध्ये त्यांनी हॉस्पिटलपासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटरची तार वापरली. पेशंट तिकडे, रेघ इकडे. १९०६ मध्ये त्यांनी अशा बऱ्याच पट्ट्या छापल्या. त्यातली एक आजच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवा, बघताक्षणी सांगतील, ‘एट्रियल फिब्रिलेशन’. आइंथोव्हेननी मात्र तिला नाव दिलं होतं ‘असमान आणि अनियमित नाडी’. म्हणजे दिसलं तेवढं लिहिलं. कारण? ते पट्टीत समोरच होतं, पण कळत नव्हतं.

आता जाऊ इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात. तिथे जेम्स मॅकेंझी नावाचे साधे फॅमिली डॉक्टर होते. त्यांच्याकडे ईसीजी नव्हता. होतं ते मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचं स्पंदन एकाच वेळी कागदावर काढणारं यंत्र. आणि तेच ते पेशंट वर्षानुवर्षं तपासण्याची चिकाटी. त्यांच्या लक्षात आलं, की काही जणांची नाडी एक दिवस पार बेताल होते, आणि नेमकी तेव्हाच मानेच्या रेघेतली एक लहर गायब होते. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावले की उमटते ती लहर.

मॅकेंझींना वाटलं, वरचे कप्पे लुळे पडले असणार. पण अशा पेशंटच्या शवविच्छेदनात त्या कप्प्यांच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या. लुळा स्नायू जाड कसा होईल? मग त्यांनी मत बदललं. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावत असतील, असं ते म्हणू लागले. तेही चूकच निघालं. पण निरीक्षण मात्र शंभर टक्के बरोबर होतं.

हे कोडं लंडनच्या थॉमस लुईसने हाती घेतलं. वय २७! त्याने बेताल नाडीच्या पेशंटचे ईसीजी काढले, आणि ज्या कुत्र्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे प्रयोगात थरथरत ठेवले होते, त्यांचेही. दोन्हीकडे तेच चित्र. ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं. ठोक्याआधीचा ‘पी’ नावाचा छोटा उंचवटा नाही. त्या जागी बारीक बारीक लहरी. वरच्या कप्प्यांजवळ छातीवर इलेक्ट्रोड ठेवला की त्या लहरी आणखी ठळक. म्हणजे कप्पे लुळे नव्हते, मिनिटाला शेकडो वेळा नुसते थरथरत होते! १९०९ मध्ये त्याने हे छापलं. त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले.

मग लुईसला पट्टी वाचता आली ती कशामुळे? आइंथोव्हेनची रेघ, मॅकेंझींचे पेशंट आणि प्रयोगशाळेतलं उघडं हृदय, हे तिन्ही शेजारी ठेवल्यावर.

फायदा काय झाला? डिजिटॅलिस हे औषध अशा दम लागलेल्या पेशंटना लागू पडतं, हे मॅकेंझींना अनुभवाने माहीत होतं. आता त्यामागचं कारण समजू लागलं. थरथर थांबत नाही, पण वरून खाली जाणारे इशारे कमी होतात आणि हृदयाला भरायला उसंत मिळते. दुसरा धोका जास्त मोठा. थरथरत्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. आणि बऱ्याच जणांना आधी काहीच जाणवत नाही.

म्हणून घरातल्या कोणाच्या घड्याळावर ते दोन शब्द आले, तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. डॉक्टरांकडे जा, पूर्ण १२ लीडचा ईसीजी काढा. आणि छातीत दुखत असेल, तर घड्याळ ‘ठीक’ म्हणालं तरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. त्या एका रेघेत हार्ट अटॅक पकडता येत नाही.

आई-बाबांना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!