हाड ओढले की वाढते : सैबेरियातील एका शोधाची तीस वर्षांची वाट 🧵

१९४४ साली वैद्यकीय पदवी घेतलेल्या गॅव्रिल इलिझारोव या तरुण डॉक्टरची रवानगी पश्चिम सैबेरियातील कुर्गान प्रांतात झाली. ग्रामीण रुग्णालय, अपुरी साधने आणि समोर युद्धातून परतलेले जखमी. अनेकांची हाडे वर्ष उलटले तरी जुळलेली नव्हती. काहींचे पाय आखूड झाले होते, तर काहींच्या जखमांतून पू वाहत होता. अशा पायाला शेवटचा उपाय ठरलेला असे : तो कापणे.

प्लास्टरची अडचण अशी की ते मोडलेल्या हाडाबरोबर वरखालचे सांधेही जखडून ठेवते. महिनोन्महिने न हललेला गुडघा आखडतो, स्नायू झिजतात. हाड जुळले तरी पाय कामाचा राहीलच असे नाही.

१९५१ च्या सुमारास इलिझारोव यांनी वेगळी रचना केली. पायाभोवती धातूची कडी. कड्यांतून हाडाच्या आरपार गेलेल्या, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या तारा, सायकलच्या चाकातील तारांसारख्या ताणून बसवलेल्या. कडी एकमेकांना आटे पाडलेल्या सळयांनी जोडलेली. हाड घट्ट धरले जाई, सांधे मोकळे राहत, आणि रुग्ण त्या पायावर भार देऊन चालू शके.

इथवरची कल्पना दाबाची होती : हाडाची टोके एकमेकांवर दाबून धरायची. पुढची कथा प्रसिद्ध आहे. एका रुग्णाने म्हणे नट उलट्या दिशेने फिरवले, टोके दूर गेली आणि मधल्या फटीत नवे हाड दिसू लागले. कथा आकर्षक आहे. पण तिच्यावर फार विसंबू नये. त्या निरीक्षणाचे शास्त्र झाले ते कुर्गानमध्ये कुत्र्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांमुळे.

पाय लांब करण्याचा प्रयत्न नवा नव्हता. बोलोन्याच्या आलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी १९०५ मध्येच त्यावर लिहिले होते. मात्र एकदम जोर लावून ओढल्यास नसा आणि रक्तवाहिन्या तो ताण सोसत नाहीत. इलिझारोव यांचे उत्तर संथपणात होते. आतली मज्जा आणि बाहेरचे वेष्टन शक्यतो शाबूत ठेवून हाडाचे फक्त कठीण कवच छेदायचे, काही दिवस थांबायचे आणि मग रोज एक मिलिमीटर ताणायचे. तेही एकदम नव्हे, चार हप्त्यांत. सळीच्या आट्यांतील अंतर एक मिलिमीटर असल्याने दर वेळी नटाचा पाव फेरा पुरे. हाडाबरोबर स्नायू, नसा, त्वचाही वाढत जातात. मात्र ताणलेला भाग टणक व्हायला पुढे कित्येक महिने लागतात, आणि तारांच्या छिद्रांशी जंतुसंसर्गाचे भय कायम असते.

मॉस्कोतील तज्ज्ञांना प्रांतातल्या डॉक्टरचे हे लोखंडी यंत्र फारसे रुचले नाही. त्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण हाड इतके वाढते हे पाठ्यपुस्तकात नव्हते. तो दूर करण्यास शोधनिबंधांइतकेच रुग्णही कारणीभूत ठरले.

पहिला रुग्ण वालेरी ब्रूमेल, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णविजेता. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी हाड जुळेना. १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला आणि नंतर त्याच पायांनी पुन्हा दोन मीटरांहून उंच उडाला. देशभर नाव झाले. १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

पश्चिमेकडील दार मात्र बंदच होते. ते उघडले कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाने. काराकोरममधील गॅशरब्रुम-४ शिखरावर १९५८ मध्ये प्रथम पोहोचलेल्या दोघांपैकी हा एक. त्याच्या पायाचे जुने अस्थिभंग कधी नीट जुळलेच नव्हते. पाय आखूड आणि वाकडा झाला होता. थोर हेयरडाल यांच्या ‘रा’ सागरसफरीत त्याचा सोबती असलेल्या युरी सेंकेविच या सोव्हिएत डॉक्टरमुळे त्याला कुर्गानची वाट सापडली. १९८० मध्ये तो तिथे गेला. परतला तेव्हा त्याचा पाय पाहून इटलीतील डॉक्टर थक्क झाले.

१९८१ मध्ये इलिझारोव यांना इटलीतील बेलाज्जो येथील परिषदेत बोलावण्यात आले. पहिल्या यंत्राला तोवर तीस वर्षे होत आली होती. इटलीतून ही पद्धत पश्चिम युरोपात, पुढे अमेरिकेत आणि भारतातही पोहोचली. आज मराठी रुग्णालयांतही ‘इलिझारोव रिंग’ हा शब्द रुग्णांच्या तोंडी असतो, आणि छोटा पाना घेऊन ठरल्या वेळी पाव फेरा देण्याचे काम बहुधा घरातलेच कोणीतरी करते.