तुम्ही परत जाल कशावरून? : व्हिसाच्या एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या महिन्यात मामांचा व्हिसा नाकारला गेला.

मामा म्हणजे तालुक्याच्या गावातले निवृत्त शिक्षक. मुलगी परदेशात, पहिलं बाळंतपण. मामा-मामींना तीन महिन्यांसाठी जायचं होतं. फाइल मी स्वतः लावून दिली होती. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, तीन वर्षांचे आयटीआर, घराची घरपट्टी, शेतीचा सात-बारा, त्याचं इंग्रजी भाषांतर, मुलीचं आमंत्रणाचं पत्र, जावयाची पगाराची स्लिप, परतीच्या तिकिटाचं बुकिंग, प्रवासाचा विमा. पहाटेच्या एसटीनं शहरात जाऊन दोघांनी बोटांचे ठसे दिले. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला, सोबत एक छापील पत्र. अर्थ एवढाच, की तुम्ही मुदत संपल्यावर परत जाल याची आम्हाला खात्री पटली नाही. फी परत मिळणार नाही.

देशाचं नाव मुद्दाम घेत नाही. असं पत्र आज कुठलाही श्रीमंत देश पाठवू शकतो.

मामा म्हणाले, "अरे, बत्तीस वर्षं एका शाळेत काढली. गाव सोडलं नाही. मी आता कुठं पळून जाणारे?" आणि मग म्हणाले, "अण्णा चौऱ्याहत्तर साली लंडनला गेला, तेव्हा त्याला कुठं व्हिसा लागला होता?"

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले बंधू. मला वाटलं मामांची काहीतरी गल्लत होतेय. गल्लत नव्हती. १९७४ मध्ये भारतीय माणसाला इंग्लंड बघायला जायला आधी व्हिसा काढावा लागत नसे. पासपोर्ट आणि तिकीट घेऊन हीथ्रोला उतरायचं, तिथला अधिकारी चार प्रश्न विचारायचा आणि शिक्का मारायचा. मग हे बदललं कधी आणि का? त्यावरची ही पोस्ट. जरा मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कुणी परदेशात आहे त्यांनी पूर्ण वाचावी.

आनंदीबाईंकडे व्हिसा नव्हता

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता, कारण तेव्हा तशी गोष्टच नव्हती. अमेरिकेनं परकीय प्रवाशांना पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचा केला तो १९१७-१८ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. आनंदीबाईंना अडवणारं सरकार नव्हतं, आपला समाज होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणारे लोक होते. म्हणून तर निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून त्यांना आपण अमेरिकेला का जातोय हे सांगावं लागलं.

म्हणजे तो काळ सगळ्यांसाठी मोकळा होता असं नाही. अमेरिकेनं १८८२ मध्येच कायदा करून चिनी मजुरांना बंदी घातली होती. आपल्याकडून मॉरिशस, फिजी, त्रिनिदादला जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांना सरकारी परवाना लागायचा. कागद मजुराला होता. हौशी प्रवाशाला, विद्यार्थ्याला, व्यापाऱ्याला सहसा नव्हता. ऑस्ट्रियन लेखक स्टीफन झ्वाइग यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की १९१४ च्या आधी ते भारतात आणि अमेरिकेत पासपोर्टशिवाय फिरून आले होते. पुढच्या पिढीतल्या तरुणांना हे सांगितलं की ते थक्क व्हायचे.

भारतीयांचं नाव न घेता भारतीयांना अडवायचं

आता कॅनडाकडे जाऊ, कारण आजच्या कागदपत्रांची मुळं तिथं दिसतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून हजारो माणसं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर कामाला गेली. गोऱ्या वस्तीला ते नको होते. पण अडचण अशी होती की भारतीय आणि कॅनेडियन दोघंही एकाच ब्रिटिश राजाचे प्रजाजन. "भारतीयांना बंदी" असं उघड लिहिलं असतं तर साम्राज्यात सगळे समान ही भाषा खोटी पडली असती आणि इथं असंतोष भडकला असता.

मग १९०८ मध्ये एक नियम आला. जो माणूस आपल्या मायदेशातून एकाच सलग प्रवासानं, तिथंच काढलेल्या तिकिटावर येणार नाही, त्याला प्रवेश नाकारता येईल. नियमात भारताचं नावही नाही. पण तेव्हा भारतातून कॅनडाला न थांबता जायची सोय प्रत्यक्षात उरलीच नव्हती, आणि ती राहू नये याची काळजीही घेतली गेली. जोडीला आशियातून येणाऱ्यांनी उतरताना २०० डॉलर दाखवायचे. कामाच्या शोधात निघालेल्या माणसाकडे एवढी रक्कम कुठून असणार?

या नियमाला गुरदित सिंग यांनी आव्हान दिलं. 'कोमागाता मारू' हे जपानी जहाज भाड्यानं घेऊन ते ३७६ प्रवाशांसह २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर उभं होतं. अन्नपाण्याचे हाल झाले, कोर्टात दावा हरला. आधीपासून कॅनडात राहणारे आणि काही मोजके धरून जेमतेम २४ जणांना उतरू दिलं. बाकीच्यांना २३ जुलैला परत पाठवलं. सप्टेंबरच्या अखेरीस ते कलकत्त्याजवळ बजबज इथं उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात सुमारे वीस जण मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये, म्हणजे १०२ वर्षांनी.

नियम सगळ्यांसाठी सारखा लिहायचा, पण त्यात अट अशी घालायची की नको असलेला माणूसच अडकेल. ही पद्धत तिथं रुजली. २०० डॉलरची अट आठवणीत ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तात्पुरता पासपोर्ट

पहिल्या महायुद्धात हेरांच्या भीतीनं सगळ्याच देशांनी सीमा बंद केल्या. भारतातही युद्धकाळात पासपोर्टचे नियम आले आणि १९२० मध्ये इंडियन पासपोर्ट ॲक्ट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाची पॅरिसला परिषद भरली. आज आपल्या हातात जे पुस्तक असतं, त्याचा ३२ पानांचा नमुना तिथं ठरला. गंमत म्हणजे तिथल्या बऱ्याच जणांना ही सोय तात्पुरती वाटत होती. युद्ध संपलंय, परिस्थिती निवळली की पासपोर्ट काढून टाकू. १९२६ च्या जिनिव्हा परिषदेतही तो विषय निघाला. तात्पुरत्याची शंभरी उलटून गेली.

अण्णांचा काळ

१९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानं राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जायची, राहायची मुभा दिली. पण इकडे आपलं सरकार पासपोर्टच हात राखून द्यायचं. पासपोर्ट हा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग सोहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं सांगितलं, की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यानंतर सरकारला घाईनं पासपोर्टचा कायदा करावा लागला. तो १९६७ चा कायदा आजही चालू आहे.

तिकडे ब्रिटननं १९६२ मध्ये कामासाठी येणाऱ्यांवर परवान्याचं बंधन घातलं, १९६८ मध्ये केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना रोखण्यासाठी तीन दिवसांत कायदा मंजूर केला. पाहुण्यांना आणि पर्यटकांना मात्र अजून व्हिसा नव्हता. अण्णा गेले ते याच काळात.

तरी तो काळ फार चांगला होता असं म्हणवत नाही. दार उघडं होतं, पण दारातला माणूस काय विचारेल, काय करेल याचा नेम नव्हता. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रोवर कौमार्य चाचणी केली गेली. ती अविवाहित आहे का हे तपासण्यासाठी! बातमी फुटल्यावर इथं आणि तिथं मोठा संताप झाला, भारत सरकारनं निषेध केला आणि तो प्रकार थांबवावा लागला.

ऑक्टोबर १९८६

ऐंशीच्या दशकात सगळं आवळलं गेलं. कॅनडानं १९८१ मध्ये भारतीयांना व्हिसा लावला. श्रीलंकेतून तमिळ निर्वासित येऊ लागल्यावर ब्रिटननं १९८५ मध्ये श्रीलंकेला व्हिसा लावला. राष्ट्रकुलातल्या देशाला असं पहिल्यांदाच झालं. सप्टेंबर १९८६ मध्ये गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना या पाच देशांची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये अंमल सुरू व्हायच्या आत पोहोचावं म्हणून हीथ्रोवर झुंबड उडाली. पाचही देश काळ्या-सावळ्या माणसांचे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड त्या यादीत नव्हते.

इथं प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. पंजाबातल्या परिस्थितीमुळे भारतानं १९८४ मध्येच ब्रिटिश नागरिकांना व्हिसा लावला होता. त्यामुळे "आम्ही बिचारे" असा सूर लावण्यात अर्थ नाही. भारत-पाकिस्तानमध्ये तर १९५२ पासून व्हिसा आहे, तोही शहराशहराचा. पलीकडच्या गावात बहीण राहिलेल्या किती माणसांचं आयुष्य त्या अर्जांत गेलं असेल!

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, ब्रिटननं आणखी एक कायदा केला. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी एक हजार पौंड दंड. भारतानंही २००० मध्ये असाच कायदा केला. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी तुमचा व्हिसा निरखून का बघते, ते यावरून कळेल. दुसऱ्या देशाची सीमा आता आपल्याच शहरात, त्या काउंटरवर सुरू होते. त्याच्याही आधी व्हिसा सेंटरच्या खिडकीवर.

अण्णांना आणि मामांना मिळालेल्या वागणुकीतला फरकही हाच आहे. अण्णांना दोन शब्द बोलता आले. अधिकाऱ्यानं त्यांचा चेहरा पाहिला, उत्तर ऐकलं. मामांचा निकाल ज्यानं लावला त्यानं मामांना पाहिलेलंच नाही. त्यानं फक्त फाइल पाहिली.

शाबिती कुणी द्यायची?

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात कलम २१४ (ब) आहे. पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. बाकीच्या देशांत शब्द वेगळे असतील, रीत तीच. आपल्या कोर्टात चोरावरचा आरोपसुद्धा सरकारला शाबित करावा लागतो. इथं आजोबांनी शाबित करायचं की आपण परत येऊ. जे अजून घडलेलंच नाही ते शाबित करायचं कसं? म्हणून मग सात-बारा, घरपट्टी, बँकेतली शिल्लक. ज्याच्याकडे मालमत्ता जास्त, त्याचा शब्द जास्त खरा.

ब्रिटननं २०१३ मध्ये भारतासह सहा देशांतल्या काही पाहुण्यांकडून तीन हजार पौंड अनामत घ्यायचं ठरवलं होतं. ओरड झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेत रद्द झाला. ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं काही देशांच्या पर्यटकांसाठी पाच ते पंधरा हजार डॉलरच्या अनामतीचा प्रयोग सुरू केला. आठवले ना १९०८ चे २०० डॉलर?

आणि दाद कुठं मागायची? ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना व्हिसा नाकारला तर पूर्वी अपील करता यायचं. १९९३ मध्ये ते काढलं, २००० मध्ये परत दिलं, २०१३ मध्ये पुन्हा काढलं. आता नवा अर्ज, नवी फी.

कुणाला येऊ द्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आपल्यालाही आहे. मुदत संपूनही राहणारे लोक असतात, खोटी कागदपत्रं देणारे एजंट आपल्याच गल्लीत बसलेले असतात. तपासणी नको असं कुणी म्हणत नाही. पण नाकारताना नेमका कुठला कागद कमी पडला ते लिहा. तुमचीच चूक असेल तर ऐकून घेणारं कुणीतरी ठेवा. एवढं मागणं जास्त नाही. परदेशांशी करार होतात तेव्हा कंपन्यांच्या माणसांना सहज येता-जाता यावं यावर आपलं सरकार जोर लावतं. नातवाला बघायला निघालेल्या आजोबांसाठीही कुणीतरी बोलायला हवं. आणि आपल्या वकिलातींच्या खिडकीवर उभ्या असलेल्या परक्या माणसालाही हाच न्याय मिळायला हवा.

मामांना परवा नातू झाला. व्हिडिओ कॉलवर बघितला. मामी पदरानं डोळे पुसत होत्या. मामांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पुन्हा अर्ज भरू. या वेळी शाळेचं निवृत्तीचं प्रमाणपत्रही जोड."

जोडतोय. फाइल आता पहिल्यापेक्षा जाड झालीय.

तुमच्या घरात कुणाचा जुना पासपोर्ट असेल तर काढून बघा. १९८६ च्या आधी कुणी लंडनला गेलं असेल तर त्यावर कसला शिक्का आहे, दारात काय विचारलं होतं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. ही माणसं आता थोडीच उरलीत. त्यांना विचारून घ्यायला हवं.